युनिटची किंमत आणि जोखीम

मध्यमवर्गीय घरांतून ‘युनिट्स’ हा शब्द एके काळी पोस्टातील ठेवीइतक्याच निर्धास्तपणे उच्चारला जाई. संसदेच्या १९६३ च्या कायद्याने युनिट ट्रस्ट ऑफ इंडिया स्थापन झाला आणि जुलै १९६४ मध्ये त्याची पहिली योजना निघाली. दहा रुपयांचे युनिट, दरसाल लाभांश आणि जाहीर किमतीला परतखरेदी. यात काही जोखीम असेल, हे सहसा कोणाच्या मनातही येत नसे.

जोखीम होतीच. म्युच्युअल फंड म्हणजे अनेकांच्या पैशांतून घेतलेले समभाग आणि कर्जरोखे. रोख्यांचे व्याज ठरलेले, म्हणून परतावा बेताचा. समभागांत लाभाची आशा मोठी, पण भाव केव्हा पडतील याचा नेम नाही. या दोहोंचे प्रमाण ठरविण्यातच व्यवस्थापकाचे कसब. हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ साली हा विचार गणिताने मांडला (१९९० चे नोबेल त्यासाठीच). एकेका भागाची जोखीम पाहून भागत नाही. ते एकमेकांबरोबर कसे चढतात-उतरतात तेही पाहावे लागते. ज्याचे छत्र्यांचे दुकान आहे आणि रसवंतीही, त्याला पावसाचे भय थोडे. छत्र्या आणि रेनकोट विकणाऱ्याची दुकाने दोन, पण आभाळ एकच!

युनिट योजनेत हाच तोल ढळला. नव्वदीच्या दशकात समभागांचे प्रमाण निम्म्यापलीकडे गेले, लाभांशही २६ टक्क्यांपर्यंत चढला. परतखरेदीची किंमत मात्र मालमत्तेच्या बाजारभावाशी बांधलेली नव्हती. समजा, युनिटमागे मालमत्ता आठ रुपयांची आहे आणि बाहेर पडणाऱ्याला तेरा मिळतात. वरचे पाच कोणाचे? मागे राहिलेल्यांचे! माझ्या मते खरा दोष समभाग घेण्यात नव्हता. ठेवीसारखे आश्वासन देऊन ते घेण्यात होता. जुलै २००१ मध्ये ट्रस्टला विक्री व परतखरेदी थांबवावी लागली, तुटीचा भार सरकारी तिजोरीवर आला आणि २००३ मध्ये ट्रस्टचे दोन भाग झाले.

आता युनिटची किंमत मालमत्तेच्या मूल्यावरून रोजच्या रोज निघते. सेबीच्या नियमानुसार प्रत्येक योजनेवर जोखीम दाखविणारी सहा पायऱ्यांची तबकडीही असते. संग्रहातील रोखे-समभाग बदलले की तिचा काटाही सरकू शकतो, म्हणून तो दर महिन्याला नव्याने तपासला जातो.