घर घेण्याआधी शाळेची वाट चालून पाहा

घर पाहावे बांधून, असे जुनी माणसे म्हणत. आपल्यासारख्या कष्टकऱ्यांनी आज म्हणायचे तर घर पाहावे कर्ज काढून! मुंबईतल्या चाळीत, झोपडपट्टीत नाहीतर नोकरीच्या क्वार्टर्समध्ये राहणारी आपली कितीतरी कुटुंबे रविवार आला की अंबरनाथ, बदलापूर, टिटवाळा, नालासोपारा, विरार या बाजूला जागा पाहायला जातात. पालिकेत, रेल्वेत, इस्पितळात, कारखान्यात राबून साठवलेले पैसे, फंडातून काढलेली रक्कम आणि घरच्या बाईचे दोन दागिने, एवढे सगळे त्या एका जागेत जाणार असते.

जागा पाहताना आपण काय विचारतो? किती स्क्वेअर फूट, स्टेशन किती लांब, पाणी किती वेळ, हप्ता केवढा. हे विचारलेच पाहिजे. पण घरात चार-पाच वर्षांचे मूल असेल तर आम्ही म्हणू, पहिला प्रश्न हा विचारा: या घरातून आपले मूल दहावीपर्यंत कोणत्या शाळेत जाईल आणि कसे जाईल?

‘दहावीपर्यंत’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्यानुसार आपल्या राज्यात पहिली ते पाचवीची शाळा 1 किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची 3 किलोमीटरच्या आत असावी, असा नियम आहे. पण या कायद्याचे छत्र आठवीपर्यंतच. बिल्डिंगच्या शेजारी जिल्हा परिषदेची किंवा नगरपालिकेची शाळा दिसली की आपण निर्धास्त होतो. ती कितवीपर्यंत आहे हे विचारत नाही. ती चौथीला किंवा सातवीला संपत असेल तर पुढचे अनुदानित हायस्कूल कुठे, कोणत्या माध्यमाचे, वाटेत रेल्वेचे फाटक किंवा हायवे आडवा येतो का, हे आजच पाहायला हवे. मुलगी असेल तर याचा दुप्पट विचार करावा. शाळा लांब पडली की सातवी-आठवीनंतर आधी मुलीचीच शाळा सुटते, हे आपण आपल्या वस्त्यांतून पाहिले आहे.

याच कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांत पहिल्या प्रवेशाच्या वर्गातील 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांच्या मुलांसाठी राखून ठेवल्या आहेत. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जातीचा दाखला मात्र लागतो. सोडतीत घरापासून शाळेचे अंतर धरतात. 1 किलोमीटरच्या आतल्या मुलाला आधी संधी, मग 3 किलोमीटरच्या आतल्यांना. म्हणजे घर कुठे घेतले यावर मुलाची संधी बऱ्याच अंशी ठरते. मात्र अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना ही तरतूद लागू नाही. तेव्हा समोरच मोठी कॉन्व्हेंट शाळा आहे म्हणून हुरळून जाऊ नये. ती शाळा या योजनेत येते की नाही, हे गटशिक्षणाधिकारी कार्यालयात विचारून घ्यावे. शाळेला सरकारी मान्यता आहे का, तिचा युडायस क्रमांक काय, हेही तिथेच कळते. नव्या वस्त्यांत दोन गाळ्यांत पाटी लावून सुरू झालेल्या शाळा पुष्कळ असतात. मान्यता नसेल तर फी आपली जाते आणि वर्ष मुलाचे.

आता पैशाचा हिशेब करू. समजा, लांबची जागा तीन लाखांनी स्वस्त आहे. शाळा चालत जाण्याजोगी नाही, म्हणून दोन मुलांना रिक्षा किंवा व्हॅन लावली. एका मुलाचे महिना 1500 रुपये धरले तर दोघांचे 3000, शाळेच्या दहा महिन्यांचे 30,000. दहा वर्षांत तीन लाख पूर्ण झाले! स्वस्ताई व्हॅनवाल्याच्या खिशात गेली. शिवाय आई-वडील दोघेही पहाटेची लोकल पकडणारे असतील तर दुपारी सुटलेल्या मुलाला घरी कोण आणणार? जुन्या वस्तीत आजी होती, शेजारची मावशी होती. नव्या जागी तसे कोण आहे, हाही जागेच्या किमतीतलाच प्रश्न आहे.

कागदपत्रांचा संबंधही मुलांच्या शाळेशी आहे. कल्याण-डोंबिवलीतल्या 65 इमारतींनी पालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून रेराची नोंदणी मिळवली होती. त्या पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये दिला. नालासोपाऱ्यात 41 अनधिकृत इमारती पाडण्याची कारवाई 2025 च्या सुरुवातीला संपली; परीक्षा तोंडावर आल्या असताना तिथली मुले रस्त्यावर आली. तेव्हा नुसत्या रेरा क्रमांकावर विसंबू नये. बांधकाम परवानगी खरी आहे का, याची पालिकेच्या नगररचना विभागात खात्री करावी आणि भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय तयार घराचे पैसे देऊ नयेत. म्हाडाच्या सोडतीत अनुसूचित जातींसाठी 11 टक्के घरे राखीव असतात, तो मार्गही सोडू नये.

बिल्डरने सांगितलेल्या ताब्याच्या तारखेवर शाळा ठरवू नका. शाळा जूनमध्ये भरते, पण प्रवेशाची धावपळ चार-पाच महिने आधी सुरू होते आणि तिथे राहण्याचा पुरावा मागतात. ताबा लांबला तर घरभाडे आणि हप्ता दोन्ही भरावे लागतात आणि मूल मात्र दोन्हीकडच्या शाळांना मुकते.

शेवटी आमची एकच सूचना. जागा रविवारी पाहिली असेल तर विसार देण्याआधी एक दिवस रजा काढून शाळेच्या दिवशी पुन्हा जा. मुलाचा हात धरून त्या घरापासून शाळेपर्यंत चाला. किती मिनिटे लागतात, मूल कुठे दमते, रस्ता कुठे ओलांडावा लागतो ते पाहा. शाळा सुटताना फाटकाशी उभ्या असलेल्या आयांशी दोन शब्द बोला. शिक्षक वर्गावर येतात का, मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का, हे त्या खरे सांगतील. खोली थोडी लहान मिळाली तरी चालेल. कर्ज वीस वर्षे फिटत राहील, पण पहिली ते दहावीची दहा वर्षे मुलाला एकदाच मिळतात.