वेळीच थांबवलेले स्फटिक

रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलेल्यांना किप्स अ‍ॅपरेटस आणि त्यातून येणारा सडक्या अंड्यांचा वास नक्की आठवत असेल. दिलेल्या क्षाराच्या द्रावणातून हायड्रोजन सल्फाइड सोडायचा आणि पिवळाधमक अवक्षेप खाली बसला की वहीत लिहायचं, ‘कॅडमियम असावं’. तो अवक्षेप म्हणजे कॅडमियम सल्फाइड. नॅनोकणांच्या प्रयोगशाळेतही हाच पदार्थ बनवतात, फक्त तिथे त्याला खाली बसू द्यायचं नसतं.

कॅडमियम आणि सल्फाइडचे आयन पाण्यात भेटले की क्षणात एकत्र येतात. त्यामुळे स्फटिक बनवणं सोपं आहे, पण त्याची वाढ चार-पाच नॅनोमीटरवर थांबवणं अवघड. चार नॅनोमीटरच्या कणात कॅडमियम-गंधकाच्या सुमारे सातशे जोड्या असतात आणि ढोबळमानाने एक तृतीयांश अणू पृष्ठभागावर असतात. या अणूंना बाहेरच्या बाजूने जोडीदार नसतो, म्हणून कण अस्थिर असतो. लहान कण विरघळतात आणि त्यांचे आयन मोठ्या कणांवर जाऊन बसतात. मोठा मासा लहान माशाला गिळतो, तसंच.

१९८३ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये लुई ब्रुस यांना नेमकं हेच दिसलं. ठेवून दिलेल्या कॅडमियम सल्फाइडच्या द्रावणाचं प्रकाशशोषण बदललं होतं. पदार्थ तोच होता, पण कण वाढले होते. या कामासाठी २०२३च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला.

आकार बदलल्याने शोषण का बदलावं? सतारीची तार पडद्यावर दाबून आखूड केली की सूर चढतो. इलेक्ट्रॉनचंही असंच होतं. त्याला वावरायला जागा कमी मिळाली की त्याला उत्तेजित करायला जास्त ऊर्जा लागते. मोठ्या स्फटिकात कॅडमियम सल्फाइड सुमारे ५१२ नॅनोमीटरपर्यंतच्या तरंगलांबीचा प्रकाश शोषतं. कण लहान होत गेला की ही सीमा निळ्या-जांभळ्याकडे सरकते आणि पिवळा रंग फिका पडतो.

वाढ थांबवायला थायोग्लायकोलिक आम्लासारखा रेणू वापरतात. त्याचं गंधकाचं टोक पृष्ठभागावरच्या कॅडमियमला धरतं. दुसऱ्या टोकावर अल्कधर्मी पाण्यात ऋण प्रभार येतो, त्यामुळे कण एकमेकांना दूर ढकलतात आणि द्रावण स्वच्छ राहतं.

पण स्वच्छ द्रावण म्हणजे नॅनोकण झाले, असं नाही. त्यासाठी साक्षीदार लागतात. प्रकाशशोषणावरून सरासरी आकाराचा अंदाज येतो. क्ष-किरण विवर्तनात कण जितका लहान, तितकी आलेखातली शिखरं रुंद होतात. शेररच्या सूत्राने त्या रुंदीवरून आकार काढता येतो, पण तो अखंड स्फटिकाचा आकार असतो. दोन स्फटिक चिकटून एक कण झाला असेल, तर ते या सूत्राला कळत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात कण थेट दिसतो, अगदी अणूंच्या ओळींसकट. मात्र तिथे आपण अब्जावधींतले काही शेच कण मोजतो. तिघांची साक्ष जुळली, तरच आकडा विश्वासाचा. जुळली नाही, तर एकाला खोटं ठरवण्याआधी प्रत्येकाने नेमकं काय मोजलं, ते विचारायचं.

आता अडचणीची गोष्ट. कॅडमियम विषारी आहे आणि कण नॅनो झाला म्हणून विष कमी होत नाही. इथे युरोपीय संघात काही सवलती सोडल्या तर इलेक्ट्रॉनिक उपकरणांतल्या प्रत्येक पदार्थात त्याची मर्यादा वजनाच्या ०.०१ टक्के आहे. पर्याय म्हणून झिंक सल्फाइडवर बरंच काम झालं आहे. पुणे विद्यापीठात सुलभा कुलकर्णी यांच्या गटाने १९९०च्या दशकात मँगनीज मिसळलेले झिंक सल्फाइडचे नॅनोकण बनवले होते. असे कण नारिंगी चमकतात. पण हा रंग मँगनीजचा असल्याने आकार बदलून तो फारसा बदलत नाही. कॉपर इंडियम सल्फाइडचा रंग बदलता येतो, पण त्याचा प्रकाश कॅडमियमवाल्या कणांइतका शुद्ध नसतो, अनेक छटांत पसरतो.

म्हणजे विष टाळायचं तर सध्या रंगाच्या बाबतीत तडजोड करावी लागते. ती कमी कशी करायची, यावर अनेक प्रयोगशाळांत काम चालू आहे.