कारलं मुलांना इतकं कडू का लागतं?

ताटात कारलं किंवा मेथी दिसली की मूल तोंड फिरवतं. आपण त्याला नखरे म्हणतो, पण ही शरीराची जुनी सावधगिरी आहे. वनस्पतींमधली अनेक विषारी द्रव्यं कडू असतात. म्हणून माणसाकडे कडू चव ओळखणारे सुमारे 25 प्रकारचे ग्राहक (रिसेप्टर) आहेत. गोडाचं काम मुख्यतः एकच करतो. कडूचे ग्राहक सोसायटीच्या वॉचमनसारखे, अनोळखी दिसला की आधी अडवणार! मूल स्वतः हिंडू लागतं, हाताला लागेल ते तोंडात घालतं, त्याच दोन ते सहाच्या वयात नव्या पदार्थांचा संशय सर्वांत जास्त असतो.

वॉचमनला चेहरे ओळखीचे होतात ते रोजच्या येण्याजाण्यानं. तीच भाजी आठ-दहा, कधी पंधरा वेळा घासभर चाखली की विरोध मावळू लागतो. आई-बाबा मात्र तीन-चार नकारांतच हात टेकतात. ओळख आईच्या पोटातही होते. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या ज्युली मेनेला यांच्या 2001च्या प्रयोगात, गरोदरपणी गाजराचा रस प्यायलेल्या आयांच्या बाळांनी गाजराच्या चवीचा आहार जास्त सहज स्वीकारला.

कारल्याला मीठ चोळण्यात दुहेरी फायदा आहे. कडू रस निघतो आणि मीठ कडवटपणाची जाणीवही दाबतं.

‘भाजी संपव, मग चॉकलेट’ हा सौदा बहुधा उलटतो. भाजी ही शिक्षा आहे, एवढंच मूल त्यातून शिकतं. त्यापेक्षा मटार सोलायला, मेथी निवडायला शेजारी बसवा. आणि स्वतः कारलं ताटाच्या कडेला सारत असाल, तर मुलाला आग्रह करू नका.