सुपातली नोकरी

सोलापूरच्या पूर्व भागात दुपारच्या वेळी कुठल्याही बोळातून चालत गेलात, तर उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन बसलेल्या बायका दिसतील. सुपात कापलेली तेंदूची पाने, एका कडेला तंबाखू, बोटांत दोरा. बोलणे तेलुगूत, मधूनच मराठीत. शेजारणीशी गप्पा चालू असतात, कुकरची शिट्टी मोजली जात असते, पोराला दटावणेही होते. बोटे मात्र थांबत नाहीत. पान घ्यायचे, तंबाखू भरायची, वळायचे, टोक मुडपायचे, दोरा बांधायचा. मजुरी हजारावर.

या बायकांना कोणी गृहिणी म्हणते, कोणी कष्टकरी. त्या नोकरदार आहेत हे चटकन कोणाच्या लक्षात येत नाही. मनुष्यबळ व्यवस्थापनाची जाडजूड पुस्तके उघडली, तर त्यांत ठरलेले प्रश्न असतात: माणूस कसा निवडायचा, त्याला शिकवायचे कोणी, मोबदला वेळेवर द्यायचा की कामावर, त्याचे काम चांगले की वाईट हे ठरवायचे कोणी. विडीच्या धंद्याने या साऱ्यांची उत्तरे फार पूर्वीच काढून ठेवली, आणि ती बहुतेक मालकाच्या सोयीची. शिक्षण आई देते, फुकट. जागा कामगाराची, दिवाबत्ती कामगाराची. मुकादम घरी येत नाही, कारण गरजच नाही. पोट हाच मुकादम.

सोलापुरात नोकरीचा दुसरा नमुनाही होता. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलपासून लक्ष्मी-विष्णूपर्यंत गिरण्यांनी शहराला भोंग्यावर चालायला शिकवले. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांत पुरुष गिरणीत किंवा मागावर आणि बाई विडीवर, अशी वाटणी अनेक घरांत होती. गिरणीतल्या माणसाला पास होता, पाळी होती, युनियन होती, दिवाळीला बोनस होता. बाईची कमाई वरखर्चाची समजली जाई. पुढे जुनी मिल बंद पडली, नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णूही थांबली, आणि ज्याला वरखर्च म्हणत होते त्यावर कितीतरी घरांची चूल पेटू लागली. हा हिशेब शहराने कधी मोकळेपणाने मांडला नाही, असे मला वाटते.

आता 'छाट' या शब्दाकडे येऊ. वळलेल्या विड्या कारखान्यात नेऊन दिल्या की तपासणारा त्यांतल्या नापसंत बाजूला काढतो. बारीक झाली, सैल बांधली, पान फाटके. कारण काहीही असो, ती छाट. आजच्या कंपन्यांत वर्षातून एकदा कामाचे मूल्यमापन होते आणि त्याआधी आठवडाभर लोकांची झोप उडते. विडीवालीचे मूल्यमापन रोज होते, तिच्या डोळ्यांदेखत, आणि अपील कुठे करायचे तर त्याच माणसाकडे. त्यात पाने मुळातच कमी किंवा फाटकी मिळाली, तर हजारी भरायला पदरचे पैसे घालून पाने विकत घ्यावी लागतात, ही तक्रार जुनी आहे.

१९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी बसून विडी वळणारीला कामगार मानले. तिला रजा आली, बाळंतपणाचा लाभ आला. त्याखालच्या नियमांनी साधारणपणे शेकडा पाचाच्या वर छाट करायला आडकाठी घातली, आणि इंग्रजीत लिहिलेल्या त्या नियमांत 'छाट' हा आपला शब्द तसाच्या तसा बसला आहे. इंग्रजीला त्याला जोड सापडली नसावी!

१९७७ साली भविष्य निर्वाह निधीची योजना या धंद्याला लागू झाली, तेव्हा खरी झुंज जुंपली. मालकांचे म्हणणे असे की, या बायका आमच्या जागेत येत नाहीत, त्यांच्या वेळेवर आमची सत्ता नाही, घरातले कोणीही त्यांना हात लावते. मग त्या आमच्या नोकर कशा? सप्टेंबर १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पी. एम. पटेल अँड सन्स या खटल्यात याचा निकाल दिला. विडी नाकारण्याचा हक्क तुमच्या हाती आहे ना? मग ताबाही तुमचाच, असा त्याचा मथितार्थ. जी छाट बाईला रोज रडवत होती, तिनेच तिला नोकर ठरवले. योगायोग असा की, दिल्लीत मनुष्यबळ विकास मंत्रालय स्थापन झाले तेही त्याच महिन्यात.

निकालाने सगळे सुरळीत झाले असे नाही. एका नावावर आई, सून आणि लेक अशा तिघी वळतात. फंड जमा होतो एकीचा. निवड आणि नेमणुकीचा प्रश्न इथे असा अडतो. दुसरीकडे संघटनेने मिळवलेलेही डोळ्यांत भरण्याजोगे आहे. कुंभारीच्या माळावर गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग तिच्या समारंभाला आले. नरसय्या आडम मास्तरांनी त्यासाठी किती वर्षे खेटे घातले, ते सोलापूरकरांना सांगायला नको. जवळच असंघटित कामगारांच्या रे नगरमधली पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली.

मात्र ज्या उपकरातून विडी कामगारांचे दवाखाने आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या चालत, तो वस्तू व सेवा कर आला तेव्हा, २०१७ साली, रद्द झाला. १९६६ चा कायदाही नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या श्रमसंहितांत विरून गेला आहे. नव्या संहितेत छाटीचा नियम कितपत धारदार राहतो, हे वकिलांपेक्षा बायकांनाच आधी कळेल. २०२० च्या टाळेबंदीत शहरी साहेबलोक घरून काम करू लागले, तेव्हा विजेचे बिल कोणी भरायचे यावर मोठी चर्चा झाली होती. पूर्व भागात तो प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

ज्यांचा फंड वेळेवर भरला गेला, त्यांना साठीच्या आसपास पेन्शन सुरू होते. २०१४ पासून तिची किमान रक्कम दरमहा हजार रुपये आहे. त्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, यंत्रावर बोट ठेवून. चाळीस वर्षे पान आणि दोरा फिरवून बोटांच्या रेषा पुसट झालेल्या असतात आणि पुष्कळदा यंत्र ते बोट ओळखत नाही. मग आजीबाई डोळ्यांची तपासणी करणारे यंत्र कुठल्या केंद्रात आहे याची चौकशी करत रिक्षात बसतात.