कॉलर माईक मिक्सरला जोडताना

आज आपण मिक्सरबद्दल बोलणार आहोत. चटणी वाटायचा नव्हे, आवाजाचा.

पदराला लावायचा छोटा कॉलर माईक मोबाईलवर छान चालतो. तोच माईक रेडिओच्या किंवा मंडपातल्या मोठ्या मिक्सरला लावला, की गप्प बसतो. मग ‘बिघडला’ म्हणून तो कपाटात जातो. बहुतेक वेळा माईक चांगलाच असतो. त्याला वीज मिळालेली नसते, एवढंच.

या माईकला इलेक्ट्रेट माईक म्हणतात. 1962 साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेस्लर आणि जेम्स वेस्ट यांनी तो तयार केला. हरभऱ्याएवढ्या डबीत एक पातळ पडदा असतो आणि विजेचा भार त्यात कायमचा साठवलेला असतो. आपण बोललो की पडदा थरथरतो आणि त्यातून विजेचा अगदी क्षीण इशारा निघतो. तो इतका क्षीण, की वायरीतच हरवून जाईल. म्हणून तो सावरणारा एक छोटा भाग त्याच डबीत बसवलेला असतो. वीज लागते ती या भागाला.

आपल्या जुन्नर तालुक्यात खोडदला हीच युक्ती मोठ्या रूपात आहे. तिथल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या 30 तबकड्या आहेत, प्रत्येक 45 मीटर रुंद. आकाशातून येणारे रेडिओ इशारे फारच मंद असतात. त्यामुळे ते वाढवणारं यंत्र तबकडीवरच बसवलंय. क्षीण गोष्टीला जन्मतःच आधार द्यायचा, हे तत्त्व दोन्हीकडे एकच.

मोबाईल आपल्या माईकला त्याच वायरीतून दोन-तीन व्होल्ट देतो. मिक्सरच्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये मात्र दोनच गोष्टी असतात. ‘फँटम’ किंवा ‘48V’ लिहिलेलं बटण बंद असेल, तर वीज शून्य. चालू असेल, तर 48 व्होल्ट. आपल्या माईकची डबी साधारण दहा व्होल्टपर्यंतच सोसते. ठिबकच्या नळीला विहिरीवरची मोटर थेट जोडली तर काय होईल? तसंच हे.

म्हणून मध्ये अडॅप्टर हवा, 48 व्होल्ट उतरवून माईकला झेपेल एवढेच देणारा. दुकानात नीट सांगा: “कॉलर माईकसाठी, फँटमवर चालणारा, साडेतीन एमएमवरून एक्सएलआर.” दिसायला अगदी तसाच, पण आत नुसत्या वायरी असलेला स्वस्त जोडही मिळतो. तो फक्त पिन बदलतो, वीज उतरवत नाही. पाकिटावर 48 व्होल्टचे किती व्होल्ट होतात ते लिहिलंय का, ते पाहूनच घ्या. माईकच्या पिनेवरच्या काळ्या रेघाही मोजा. तीन असतील तर ती मोबाईलची पिन. ती त्या अडॅप्टरला चालते का, हे दुकानदाराला विचारा. काही कॉलर माईकांत स्वतःचा सेल असतो. असा माईक साध्या जोडाने लावणार असाल, तर फँटम बंदच ठेवा. बऱ्याच मिक्सरवर हे एकच बटण सगळ्या माईकांना लागू होतं, हेही ध्यानात असू द्या.

जोडण्याचा क्रम असा ठेवा:

1. त्या माईकचा आवाज मिक्सरवर पूर्ण खाली करा. फँटम बंद आहे ना, पाहा.
2. माईक अडॅप्टरला आणि अडॅप्टर मिक्सरला जोडा.
3. आता फँटम चालू करा आणि थोडं थांबा.
4. बाईंना नेहमीच्या आवाजात बोलायला सांगा आणि आवाज हळूहळू वाढवा. हसल्यावर लाल दिवा लागला तर कमी करा.
5. काढताना आधी आवाज खाली, मग फँटम बंद. अर्धा मिनिट थांबून मगच वायर काढा.

लांब अंतर असेल तर अडॅप्टर माईकजवळ ठेवा आणि पुढे मिक्सरपर्यंत तीन पिनांची वायर न्या. ती बाहेरची घरघर बरीच टाळते. माईकची बारीक वायर वाढवत नेली तर ती घरघर गोळा करते. माईक हनुवटीखाली एक वीतभर अंतरावर लावा. मंगळसूत्र त्यावर आपटत नाही ना, पदर घासत नाही ना, हे पाहा. उघड्यावर असाल तर फोमची टोपी हवीच.

एवढी खटपट कशासाठी? हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यातल्या काही ध्वनिमुद्रित झाल्या, म्हणून गाणारीचा गळाही आज ऐकू येतो. आपल्या गावातही ओव्या येणाऱ्या आज्या आहेत, हिरडा वेचणाऱ्या, बी राखणाऱ्या बाया आहेत. त्या मोठा माईक समोर आला की बुजतात, पदराला टोचलेला छोटा माईक मात्र विसरून जातात आणि मोकळ्या बोलतात. तो बोलता ठेवणं आपल्या हातात आहे. तेव्हा कपाटात ‘बिघडलेला’ माईक पडला असेल, तर फेकण्याआधी एकदा योग्य अडॅप्टरवर लावून पाहा.