चहा-साखर गाडीचं गाव

आगगाडीत बसलं की वळण कधी येतंय याची किती वाट बघतो ना आपण? वळणावर खिडकीतून आपलंच इंजिन दिसतं! पण ऑस्ट्रेलियात एका रेल्वेमार्गावर तब्बल 478 किलोमीटर एकही वळण येत नाही. जगातला हा सगळ्यात लांब सरळ लोहमार्ग. त्याच्यावरच कुक नावाचं चिमुकलं गाव आहे.

वळण नाही, कारण वळसा घालावा असं काही वाटेत नाहीच. ना डोंगर, ना नदी! नलारबोरचं हे माळरान कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राचा तळ होतं. शंखशिंपल्यांचा चुरा साचत गेला आणि त्याचा सपाट, चुनखडीचा खडक झाला. पाऊस पडतो थोडाच, तोही भेगांतून खालच्या गुहांत झिरपतो.

मग इथे माणसं आली कशी? 1912 ते 1917 या काळात पोर्ट ऑगस्टा ते कॅलगुर्ली हा मार्ग बांधला गेला. वाफेच्या इंजिनाला वाटेत पाणी लागतं, रूळ सांभाळायला कामगार लागतात. त्यांच्यासाठी छोटी गावं वसवली. कुकला नाव मिळालं पंतप्रधान जोसेफ कुक यांचं. पाण्याची मात्र फार ओढाताण. याच मार्गावरच्या ऊल्डिया या ठिकाणी वाळूतल्या झऱ्यावर आदिवासी हजारो वर्षं तहान भागवत आले होते. रेल्वेने तिथलं पाणी इतकं उपसलं की झरा निकामी झाला. ही गोष्ट वाचताना फार वाईट वाटतं.

आणि बाजारहाट? बाजारच रुळांवरून यायचा! त्या गाडीचं नाव 'टी अँड शुगर', म्हणजे चहा-साखर. एका डब्यात किराणा, एकात खाटीक, एकात पगार वाटणारे बाबू, शिवाय पाण्याच्या टाक्या. पोरंसोरं नाताळाची वाट बघायची, कारण सांताक्लॉजही याच गाडीने खेळणी घेऊन यायचा.

कुकमध्ये शाळा होती, दवाखाना होता, पोहायचा तलावसुद्धा होता. पण 1951 पासून डिझेल इंजिनं आली, त्यांना वाटेत पाणी नको. पुढे काँक्रीटचे स्लीपर बसले, मग कामगारही थोडेच पुरू लागले. 1996 मध्ये चहा-साखर गाडी बंद झाली. 1997 मध्ये रेल्वे खासगी कंपन्यांकडे गेली आणि कुकची घरं रिकामी झाली.

आता तिथे जेमतेम चार-दोन माणसं राहतात. पत्र्याच्या दोन इवल्याशा कोठड्या अजून उभ्या आहेत, तो तिथला तुरुंग! गाड्या मात्र आजही कुकला थांबतात: डिझेल भरतात, चालक बदलतात. सिडनीहून पर्थला जाणाऱ्या 'इंडियन पॅसिफिक'चे प्रवासी उतरून गावात फेरफटका मारतात, आणि तो सरळ रूळ कुठवर दिसतो ते बघत उभे राहतात.