खाणीतला रस्ता मोडताना

बोगदे न खणता वरचे खडक-मातीचे थर उचलून जिथे खनिज काढले जाते, त्या खुल्या खाणीत रस्त्याची निगा खनिजाइतकीच राखावी लागते. अमेरिकेतील वायोमिंग राज्याच्या कोळसा खाणींत एका खेपेला ३६३ टनांपर्यंत माल वाहणारे डंपर धावतात आणि त्यांच्या भाराखाली टिकणारा रस्ता थरावर थर दाबून, ग्रेडरच्या आडव्या पात्याने वारंवार सारखा करून तयार ठेवावा लागतो. मात्र हा घट्टपणाच खाण संपल्यावर दोष ठरतो, कारण दबलेल्या जमिनीत पाणी मुरत नाही, मुळे शिरत नाहीत आणि पावसाचे पाणी वरून धावत घळी पाडते.

अध्यक्ष जिमी कार्टर यांनी ३ ऑगस्ट १९७७ रोजी सही केलेल्या कायद्याने कोळसा खाणींची जमीन शक्यतो मूळ घडणीवर आणण्याची जबाबदारी चालकांवर टाकली. पुढील वापरासाठी रस्ता राखण्यास मंजुरी नसेल, तर गरज संपताच तो बंद करावा, पूल व मोऱ्या काढाव्यात, झाडोऱ्याला बाधक ठरणारी खडी उचलावी आणि कापलेल्या कडेचा व भरावाचा उतार नव्याने घडवावा, असे त्याखालील नियम सांगतात. यांत मोरी काढण्याचे काम किरकोळ वाटले तरी तेच सर्वांत निकडीचे म्हणावे लागेल. देखभाल थांबलेली मोरी पाला-गाळाने तुंबते, मागे पाणी साचते आणि अखेर ते भराव फोडून सगळी माती ओढ्यात नेते. म्हणून मोरीच्या जागी पाणवाट मोकळी करून, उरलेल्या उतारावर पाणी अडवणारे बांध किंवा आडवे चर घालतात.

त्यानंतर डोझरमागील पोलादी दात, म्हणजे रिपर, रस्त्याचा तळ फाडतो. हे काम जमीन कोरडी असतानाच साधते, कारण ओल्या चिकणमातीत दाताची नुसती चीर उमटते आणि ढेकळे फुटत नाहीत. त्यावर आधी वेगळी साठवलेली सुपीक माती पसरून लागवड केली जाते. येथेच पूर्वीची एक सवय नडली: अमेरिकेच्या पूर्वेकडील अ‍ॅपलेशियाच्या डोंगराळ भागात डोझर पुन्हापुन्हा फिरवून उतार इतके चोपले गेले की गवत आले, पण झाडे खुंटली. २००४ मध्ये तेथे सुरू झालेल्या वनीकरण उपक्रमाने किमान ४ फूट खोल सैल माती ठेवण्याचा आणि पृष्ठभाग ओबडधोबड सोडण्याचा आग्रह धरला. अभियंत्याच्या नजरेला खटकणारा तो उतारच झाडांना मानवतो.

हे सारे काम पुरे करण्याच्या हमीपोटी चालकाने ठेवलेली अनामत रक्कमही टप्प्याटप्प्यानेच सुटते. भराव, उतार व निचऱ्याचे काम पुरे झाल्यावर ६० टक्क्यांपर्यंत रक्कम परत मिळू शकते. झाडोऱ्याची जबाबदारी मात्र साधारणतः ५ वर्षे आणि वर्षाला २६ इंच किंवा त्याहून कमी पाऊस पडणाऱ्या प्रदेशात १० वर्षे राहते.